बंदराची जमीन आणि विचारण्याचा देखावा

हल्ली कोणताही मोठा आराखडा जाहीर झाला की त्याच्या पाठोपाठ एक शब्द हटकून येतो : लोकसहभाग. वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर बारीक टाइपात सूचना छापली जाते. एखाद्या कार्यालयाच्या भिंतीवर रंगीत नकाशा टांगला जातो. ठरलेल्या मुदतीत हरकती मागवल्या जातात आणि सुनावणीच्या दिवशी नागरिकांची रांग लागते. प्रत्येकाला दोन-चार मिनिटे मिळतात. अधिकारी मान डोलावतात, लेखनिक टिपून घेतो आणि मंडळी घरी जातात. पुढे नकाशा बहुधा होता तसाच मंजूर होतो. परंतु प्रस्तावनेत एक वाक्य वाढलेले असते, की नागरिकांच्या सूचनांचा यथोचित विचार करण्यात आला आहे.

माझे म्हणणे असे की याला सहभाग म्हणणे ही भाषेची विटंबना आहे. जो निर्णय आधीच झालेला आहे त्यावर लोकांकडून घेतलेला हा अंगठा आहे. पूर्वी सावकार निरक्षर कुळाकडून कागदावर अंगठा घेत असे. आज सुशिक्षितांकडून तो अधिक सभ्यपणे घेतला जातो, एवढाच फरक. आणि हा प्रकार जिथे सर्वांत महाग पडणार आहे असे एक ठिकाण आपल्या अगदी जवळ आहे. ते म्हणजे मुंबईचा पूर्व किनारा.

कुलाब्याच्या ससून गोदीपासून वडाळ्यापर्यंतची ही किनारपट्टी बहुतेक मुंबईकरांनी पाहिलेलीच नसते. भिंती, फाटके, मालधक्के आणि पहारेकरी यांच्या आड शहराचा एक अख्खा समुद्र दडलेला आहे. मुंबई पोर्ट ट्रस्टची स्थापना १८७३ सालची. आज तिचे नाव मुंबई बंदर प्राधिकरण असे आहे. १८७५ साली ससून गोदी झाली, १८८० मध्ये प्रिन्सेस, १८८८ मध्ये व्हिक्टोरिया आणि १९१४ मध्ये अलेक्झांड्रा गोदी झाली. या शेवटच्या गोदीला आज आपण इंदिरा गोदी म्हणतो. भराव घालून समुद्रातून जमीन काढली गेली आणि बंदराच्या मालकीचे क्षेत्र वाढत वाढत सुमारे १,८०० एकरांवर गेले. पुढे मोठी जहाजे आली, कंटेनर आले, पलीकडे न्हावा-शेव्याला नवे बंदर उभे राहिले. मुंबईच्या गोद्यांवरचा माल कमी झाला आणि गोदामे ओस पडू लागली. जिथे माल राहिला नाही तिथे बांधकाम व्यावसायिकांची दृष्टी पोहोचायला वेळ लागत नाही.

२०१४ साली केंद्र सरकारने या जमिनीच्या विचारासाठी श्रीमती राणी जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. २०१८ मध्ये राज्य सरकारने बंदराच्या सुमारे ९६६ हेक्टर क्षेत्रासाठी खुद्द पोर्ट ट्रस्टचीच विशेष नियोजन प्राधिकरण म्हणून नेमणूक केली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस नियोजनाचा मसुदा प्रसिद्ध होऊन हरकती मागवल्या गेल्या. २०२४ च्या जानेवारीत शिवडीहून निघणारा अटल सेतू वाहतुकीस खुला झाला आणि या जमिनीचे मोल आणखी वाढले. त्या मसुद्याचे पुढे काहीही होवो. हा किनारा कधी ना कधी नव्याने बांधला जाणार, यात शंका नाही. तो कोणासाठी आणि कोणाला विचारून, हाच खरा प्रश्न आहे.

प्रथम त्या नेमणुकीतला दोष पाहू. ज्या संस्थेची जमीन, त्याच संस्थेने तिचा आराखडा करायचा; त्यावरच्या हरकती तिच्याच व्यवस्थेत ऐकायच्या; आणि जमिनीतून येणारे उत्पन्नही तिच्याच तिजोरीत जायचे. फिर्यादी, साक्षीदार आणि न्यायाधीश एकाच खुर्चीवर बसलेले असावेत, असा हा प्रकार. यात कोणा अधिकाऱ्याच्या सचोटीविषयी शंका घेण्याचे कारण नाही. माणसे प्रामाणिक असली तरी रचना त्यांना एकाच दिशेला ढकलते. बंदरावर हजारो निवृत्त कामगारांच्या निवृत्तिवेतनाचा भार आहे, तो त्याने वाहिलाच पाहिजे. परंतु तो भार डोक्यावर असलेल्या मालकाला मासळी सुकवायची जागा आणि पंचतारांकित हॉटेलची जागा यांतून निवड करायला सांगितले, तर तो काय निवडील हे सांगायला ज्योतिषी लागत नाही.

सार्वजनिक मालक हा खाजगी मालकासारखा नसतो, हे आपल्या सर्वोच्च न्यायालयाने याच बंदराच्या बाबतीत सांगितलेले आहे. जुन्या भाडेकरूंच्या भाडेवाढीचा वाद २००४ साली निकालात निघाला. भाडे वाजवी प्रमाणात वाढवण्याचा हक्क न्यायालयाने मान्य केला. मात्र केवळ जास्तीत जास्त नफा हे सरकारी घरमालकाचे ध्येय असू शकत नाही, त्याचे वर्तन न्याय्य आणि लोकहिताला धरूनच असले पाहिजे, असा त्या निर्णयाचा आशय आहे. जो नियम चार भिंतींच्या भाड्याला लागू, तो संपूर्ण किनाऱ्याला लागू नाही काय?

आता या आराखड्यांच्या भाषेतील दुसऱ्या लाडक्या शब्दाकडे वळू : 'मिश्र वापर'. घरे, दुकाने, कचेऱ्या, करमणूक असे सगळे एकाच ठिकाणी असावे, ही कल्पना आज परदेशातून आलेल्या नवलासारखी सांगितली जाते. पण आपण यापेक्षा वेगळे कधी राहिलो होतो? गिरगावच्या चाळीत खाली किराणामालाचे दुकान आणि शिंप्याचे यंत्र, वर बिऱ्हाडे. कोळीवाड्यात ओटीवर जाळे विणले जाते, अंगणात बोंबील वाळतात, चार पावलांवर होडी लागते आणि त्याच वाटेवर बाजार भरतो. माझगावच्या म्हातारपाखाडीतील जुन्या लाकडी घरांना गोदीचा भोंगा परका नव्हता. काका बॅप्टिस्टांसारखा कामगारांचा कैवारी आणि मुंबईचा महापौर याच पाखाडीतला. घर, श्रम आणि बाजार यांची सांगड या किनाऱ्याने शेकडो वर्षे घातली आहे.

म्हणून 'मिश्र वापर' हा शब्द ऐकताच विचारावे, की कोणाच्या वापरात कोणाचा वापर मिसळणार? कचेरी, महागडी सदनिका, उपाहारगृह आणि वातानुकूलित दुकान हेही मिश्रणच; पण ते एकाच उत्पन्नगटाचे आहे. त्यात जहाजतोडीवर काम करणारा दारूखान्यातला मजूर नाही, ससून गोदीत पहाटे कोळंबी सोलणारी बाई नाही, भाऊच्या धक्क्यावर बर्फ फोडणारा मुलगा नाही. ही माणसे नकाशावर 'रिक्त' किंवा 'अल्पवापर' असलेल्या भूखंडांच्या रंगात विरघळून जातात. कौला बंदराची वस्ती पाहा. जमीन केंद्र सरकारच्या बंदराची, म्हणून वस्ती अधिसूचित नाही. अधिसूचित नाही, म्हणून पालिकेचे पाणी नाही. वर्षानुवर्षे तिथल्या कुटुंबांनी पाणी विकत घेतले आहे, तेही इमारतीतल्या लोकांपेक्षा कितीतरी महाग. ज्यांची नोंद पाणीपट्टीच्या वहीत नाही त्यांची नोंद आराखड्याच्या वहीत आपोआप होईल, अशी आशा कोणी बाळगावी?

'सरकार काहीतरी तरतूद करीलच' असे ज्यांना वाटते, त्यांनी गिरणगावाचा इतिहास आठवावा. १९८२ च्या जानेवारीत गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि गिरण्या एकामागून एक थंडावल्या. सुमारे ६०० एकर जमीन शहराच्या मध्यभागी मोकळी होणार होती. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत ५८ क्रमांकाचा नियम आला. ढोबळ मानाने एक तृतीयांश जमीन मोकळ्या जागांसाठी पालिकेला, एक तृतीयांश परवडणाऱ्या घरांसाठी म्हाडाला आणि उरलेली मालकाला, अशी ही वाटणी होती. १९९६ मध्ये वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांच्या समितीने त्या जमिनींचा एकत्रित विचार करून आराखडा मांडला. कागदावर सर्व काही शोभिवंत होते. पुढे २००१ साली नियमात दुरुस्ती झाली आणि वाटणी गिरणीच्या आवारात आधीपासून मोकळ्या असलेल्या तुकड्यापुरतीच उरली; शेड पाडून मोकळी होणारी जमीन वाटणीतून वगळली गेली. उच्च न्यायालयात नागरिक जिंकले, परंतु मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती वैध ठरवली. नियमाच्या एका कलमातील थोडक्या शब्दांनी शहराची उद्याने आणि कामगारांची घरे गिळली. त्या शब्दांवर गिरणगावात सभा झाली होती काय? लालबाग-परळच्या चाळींतून कोणी मत विचारले होते काय? आज तिथल्या काचेच्या मनोऱ्यांखालून जाताना हे प्रश्न मनात आणणे एवढेच सामान्य माणसाच्या हाती उरले आहे.

लोकांना आधीपासून सामील करून घ्यावे असे म्हटले की तीन आक्षेप पुढे येतात. त्यांना बगल देणे योग्य होणार नाही.

पहिला आक्षेप : सामान्य माणसाला नगररचना समजत नाही. मुंबईच्या २०३४ पर्यंतच्या विकास आराखड्याची कथा या आक्षेपाचे उत्तर आहे. तज्ज्ञ सल्लागारांनी तयार केलेले जमीनवापराचे नकाशे जेव्हा लोकांसमोर आले, तेव्हा नागरिकांच्या गटांनी वॉर्डावॉर्डांतून पायी फिरून त्यांतल्या चुका दाखवल्या. २०१५ च्या फेब्रुवारीत मसुदा प्रसिद्ध झाला. त्यात जुन्या वास्तूंवरून रस्ते गेले होते आणि गावठाणे व कोळीवाडे यांच्या नोंदींविषयी रास्त तक्रारी होत्या. हजारो हरकती आल्या आणि एप्रिलमध्ये मुख्यमंत्र्यांना तो मसुदा मागे घेऊन दुरुस्तीचा आदेश द्यावा लागला. सुधारित मसुदा २०१६ च्या मे महिन्यात आला. तेव्हा अडाणी कोण होते? आपली गल्ली कुठून कुठे जाते, विहीर कुठे आहे, क्रूस कुठे उभा आहे, हे तिथल्या आजीबाईला उपग्रहापेक्षा अधिक ठाऊक असते. गणित तज्ज्ञाने करावे. पण गणितात कोणते आकडे घालायचे हे लोकांनी सांगितले पाहिजे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे : पैसा कोठून आणणार? लोकांना हवी असतात उद्याने आणि स्वस्त घरे. त्यांचा खर्च भागवायला महागडे मनोरे बांधावेच लागतात, असे सांगितले जाते. याला उत्तर म्हणून मी लंडनचे एक उदाहरण देतो. थेम्सच्या दक्षिण काठावर वॉटर्लू आणि ब्लॅकफ्रायर्स या पुलांच्या दरम्यान कॉइन स्ट्रीट नावाचा भाग आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी त्या परिसरात सुमारे ५०,००० लोक राहत. १९७० च्या सुमारास ते ४,००० वर आले होते. शाळा आणि दुकाने बंद पडत होती, आणि विकासकांनी तिथे प्रचंड कार्यालयांची योजना आणली. रहिवाशांनी १९७७ मध्ये कृती समिती स्थापन केली. त्यांनी नुसता विरोध केला नाही. स्वतःचा पर्यायी आराखडा मांडला, ज्यात घरे, नदीकाठचे उद्यान आणि सर्वांना चालता येईल असा काठ होता. दोन सार्वजनिक चौकश्या झाल्या आणि परवानगी दोन्ही योजनांना मिळाली. विरोध मात्र थांबला नाही. अखेर १९८४ मध्ये विकासकांनी आपली जमीन ग्रेटर लंडन कौन्सिलला विकली आणि कौन्सिलने सुमारे १३ एकरांचा तो संपूर्ण भाग रहिवाशांनी स्थापन केलेल्या ना-नफा संस्थेला दहा लाख पौंडांना दिला. वापरावर अटी घातल्यामुळेच किंमत एवढी कमी राहिली.

पुढे काय झाले? १९८८ साली पहिली ५६ घरे तयार झाली, मग २७, मग ७८ आणि २००१ मध्ये ५९. चारही गृहसंकुले सहकारी आहेत. घर विकून नफा काढता येत नाही. सभासद भाडे देतो आणि कारभारात भाग घेतो. यांतली ७८ घरे ज्या जुन्या ऑक्सो गोदामात आहेत, तिथे खालच्या मजल्यांवर कारागिरांच्या कार्यशाळा व दुकाने आहेत, मध्ये भाडेकरूंची घरे आणि आठव्या मजल्यावर महागडे उपाहारगृह. श्रीमंतांच्या जेवणाचे भाडे परिसराच्या कामी येते. आणि त्याच मजल्यावर कोणालाही फुकट उभे राहून नदी पाहता येईल अशी गच्ची आहे. मिश्र वापर म्हणतात तो हा!

या उदाहरणाच्या मर्यादा लपवण्याचे कारण नाही. सगळी मिळून घरे २२० च झाली. लंडनच्या गरजेपुढे ती नगण्य. कौन्सिलसारखी अनुकूल सत्ता नसती तर जमीन मिळाली नसती, आणि ते कौन्सिलही १९८६ मध्ये बरखास्त झाले. पुढे त्याच संस्थेने सार्वजनिक जलतरण तलावाचा खर्च भागवण्यासाठी ४३ मजली मनोऱ्याची योजना आणली तेव्हा तिच्यावरही टीका झाली. पैशाचा दाब लोकांच्या संस्थेलाही चुकत नाही. परंतु एक गोष्ट सिद्ध झाली : जमिनीची किंमत ही आकाशातून पडलेली नसते. तिच्यावर काय बांधता येईल हे ठरवणारा नियमच ती किंमत ठरवतो. आधी मनोऱ्याला परवानगी द्यायची, त्यामुळे भाव वाढवायचा आणि मग 'एवढ्या महाग जमिनीवर गरिबांची घरे परवडत नाहीत' असे म्हणायचे, हा युक्तिवाद आपलीच शेपटी गिळणाऱ्या सापासारखा आहे. खाजगी जमिनीच्या बाबतीत तो काही अंशी तरी ऐकून घेता येईल. इथे जमीन सार्वजनिक आहे. ती विकत घ्यावी लागत नाही.

तिसरा आक्षेप : सर्वांना विचारत बसले तर काम कधी होणार? उलट विचारा, न विचारल्याने किती वेळ वाचला? २०१५ चा मसुदा परत घ्यावा लागल्याने वर्षाहून अधिक काळ गेला. गिरण्यांच्या जमिनीचा वाद न्यायालयांत वर्षानुवर्षे चालला. आरंभी वाचवलेले सहा महिने शेवटी व्याजासकट फेडावे लागतात.

'हे सारे मुंबईचे. वसई-उत्तन-गोराईच्या माणसाला त्याचे काय?' असे कोणी विचारील. त्यांनी आपलाच इतिहास चाळावा. १९९० साली सिडकोची नियोजनासाठी नेमणूक होऊन वसईचा हिरवा पट्टा बांधकामाच्या तोंडी आला, तेव्हा इथल्या शेतकऱ्याला कोणी विचारले होते? फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हरित वसईची चळवळ उभी केली म्हणून प्रश्न निदान विचारला तरी गेला. आणि एक कटू गोष्टही बोलली पाहिजे. किनारा वाचवा म्हणून मोर्चात चालणारे आपल्यातलेच काहीजण घरी येऊन वडिलोपार्जित वाडीचा सौदा करतात. सदनिका घेताना समोरची झोपडपट्टी हटणार ना, अशी खात्री करून घेतात. आपल्याला विचारले जावे, पण कामगाराला विचारण्याची गरज नाही, असे मनात धरून केलेली लोकसहभागाची मागणी ही केवळ स्वतःच्या खिडकीतल्या देखाव्याची मागणी ठरते.

तेव्हा मागायचे काय, ते नेमकेपणाने मागू या. आराखडा करणारी संस्था जमिनीच्या मालकाहून वेगळी असावी. नकाशावर पहिली रेघ ओढण्यापूर्वी त्या किनाऱ्यावर राहणाऱ्या व राबणाऱ्या प्रत्येकाची गणना व्हावी. अधिसूचित असो वा नसो. कागदपत्रे मराठीत आणि हिंदीत, मोहल्ल्यातल्या शाळेत पाहायला मिळावीत आणि सभा पाळी संपल्यानंतरच्या वेळेला भराव्यात. प्रत्येक हरकतीला स्वीकार वा नकार, कारणासह लेखी मिळावा. २०११ च्या किनारा नियमन अधिसूचनेने मुंबईच्या कोळीवाड्यांचे वेगळेपण मान्य केले आहे. त्यांच्या होड्या, जाळी आणि वाळवणीच्या जागा नकाशावर हद्दीसकट दाखवाव्यात. जमीन विकू नये. भाडेपट्ट्याने द्यावी, आणि तिचा ठरावीक हिस्सा कामगारांच्या सहकारी भाडेगृहांसाठी असा राखावा की पुढच्या एखाद्या दुरुस्तीने तो काढून घेता येणार नाही. पाण्यालगतची पट्टी सलग व सर्वांना खुली असावी. तिच्यावर कोणाच्या क्लबचे फाटक नको.

यांतली एकही मागणी अशक्य कोटीतली नाही आणि एकही आपोआप पदरात पडणार नाही. पुढच्या वेळी वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर बारीक टाइपातली सूचना दिसली तर ती कापून ठेवा, शेजाऱ्याला वाचून दाखवा आणि मुदतीच्या आत लेखी हरकत द्या. पोच घ्यायला विसरू नका. मात्र त्या हरकतीच्या पहिल्याच ओळीत लिहा की आम्हांला विचारायला तुम्ही उशीर केला आहे.